हवालदार भरतीत मिळत नाही

सातारा तालुक्यातलं अपशिंगे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. आजोबा, चुलते, मुलगा असे सगळे फौजेत, आणि तेही आपल्या मर्जीने. स्वतंत्र भारतात सक्तीची लष्करभरती झालेलीच नाही. जिथे कायद्याने प्रत्येक तरुणाला गणवेश चढवला जातो, तिथलं दुखणं म्हणूनच आपल्याला चटकन उमगत नाही. दक्षिण कोरियाचा जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, २०२३ मध्ये ०.७२ वर आला. पोरंच कमी जन्मली तर सक्ती करणार कोणावर? मग पगारी, व्यावसायिक फौज उभारण्याचा विचार पुढे येतो.

आधी हिशेब मांडू. एक लाख शिपायांची फौज आहे आणि सक्तीची सेवा एक वर्षाची. म्हणजे दरसाल एक लाख मुलं हवीत. त्यातले पहिले सहा महिने ट्रेनिंगमध्ये गेले, तर कोणत्याही दिवशी खऱ्या कामाला निम्मेच, पन्नास हजार. तोच शिपाई सहा वर्षं टिकला तर दरवर्षी सुमारे १७ हजार भरती पुरते, ट्रेनिंगमध्ये आठ-साडेआठ हजारच अडकतात आणि कामाला ९१-९२ हजार उरतात. कागदावर हे फारच छान दिसतं, पण सगळं ‘टिकला तर’ या दोन शब्दांवर उभं आहे. सरासरी मुकाम चार वर्षांवर घसरला की भरती थेट २५ हजारांवर जाते, उस्ताद (ट्रेनिंग देणारे) आणि बराकीही तेवढ्या वाढवाव्या लागतात.

बदलाचा काळ तर सर्वांत नाजूक. सक्ती एका झटक्यात बंद करून सगळ्या जागा एकाच वर्षी भरल्या, तर सहा वर्षांनी सगळ्यांचे करार एकदमच संपतात आणि पलटणी रिकाम्या पडतात. म्हणून भरती टप्प्याटप्प्यानेच करावी लागते. फ्रान्सने १९९६ मध्ये निर्णय जाहीर केला. सक्तीची सेवा प्रत्यक्षात संपायला २००१ उजाडलं.

पैशाचा प्रश्न सरळ आहे. सक्तीच्या शिपायाला हातखर्च दिला तरी भागतं. मर्जीने येणाऱ्याला कारखान्याच्या तोडीचा पगार, क्वार्टर आणि पुढची हमी लागते. स्वीडनने २०१० मध्ये सक्ती थांबवली, पण स्वेच्छेने येणारे पुरेनात आणि शेजारचा धोकाही वाढला. २०१७ मध्ये ती परत आणण्याचा निर्णय झाला.

तरीही पैसा हा दुय्यम अडथळा आहे असं मला वाटतं. खरं अडतं ते मधल्या फळीवर. आपल्या पायदळात दहाएक जवानांचं सेक्शन हवालदार सांभाळतो. पहारा बदलताना रायफलचं चेंबर रिकामं आहे का हे तो स्वतः बघतो. रूट मार्च संपला की बूट-मोजे काढायला लावून प्रत्येकाच्या टाचेचे फोड तपासतो, कारण आज दुर्लक्षिलेला फोड उद्या एक माणूस कमी करतो. ही नजर तयार व्हायला दहाएक वर्षं लागतात. वर्षभरात घरी जाणाऱ्या पोरांमधून ती घडणार कुठून? मग ही कामं तरुण अधिकाऱ्यांच्या गळ्यात पडतात, आणि बराकीत रात्री थोडे जुने शिपाई नव्यांवर दादागिरी करतात. रशियन फौजेत हा छळ कुप्रसिद्ध आहे.

रशियाने २००८ नंतर मोठ्या सुधारणा हाती घेतल्या. त्यात आपल्या जेसीओंशी (हवालदाराच्या वरच्या नायब सुभेदार, सुभेदार या हुद्द्यांशी) ढोबळमानाने तुलना करता येईल असा ‘प्रापोर्शिक’ हा हुद्दाच काढून टाकला. त्यांची कामं करायला व्यावसायिक सार्जंट हवे होते, आणि त्यांच्या नव्या अभ्यासक्रमालाच जवळपास तीन वर्षं लागत होती. पोकळी भरली नाही. २०१३ मध्ये हुद्दा परत आणावा लागला.

आणखी एक गोष्ट हातातून निसटते, ती म्हणजे राखीव दल, गरज पडल्यास परत बोलावता येणारी शिकलेली माणसं. सक्तीची फौज दरवर्षी शिकलेली माणसं समाजात परत पाठवते. व्यावसायिक फौजेतून फार थोडी बाहेर पडतात. जर्मनीने २०११ मध्ये सक्ती स्थगित केली आणि तरुणांची नोंद व तपासणी करणारी जिल्हा कार्यालयंही बंद केली. आता माणसं वाढवायची म्हटल्यावर ती यंत्रणा नव्याने उभारावी लागते आहे.

साताऱ्यात ही ओढ माणसांतून चालत आली आहे. निवृत्त सुभेदार पहाटे ग्राउंडवर पोरांना पळवतात, पेन्शन कशी येते हे घरातच दिसतं. पिढ्यान्‌पिढ्या सक्ती असलेल्या देशात असा आपखुशीचा ओघ जाहिरातींनी लगेच सुरू होत नाही.

२०२२ च्या अग्निपथ योजनेलाही हाच हिशेब लागू होतो. चार वर्षांची मुदत, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम. मुदत आखूड झाली की तेवढ्याच फौजेसाठी भरती वाढते, उस्तादांवरचा भारही वाढतो. पुढचे हवालदार याच २५ टक्क्यांतून यायचे आहेत. १६०० मीटरची धाव घड्याळावर मोजता येते. सेक्शन सांभाळण्याची कुवत मात्र कंपनीतल्या जुन्या हवालदाराला आणि जेसीओलाच दिसते, म्हणून कायम कोणाला करायचं हे ठरवताना त्यांच्या शेऱ्याला मोठं वजन हवं.