सर्व्हरलाच विचारा, तार जिवंत आहे का?

कापसाचा हंगाम भरात आला की जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. त्यात काट्यावरची पावती निघेनाशी झाली, की उत्तर ठरलेलं : "सर्व्हर डाऊन हाये, भाऊ." मग वर्ध्याहून नाहीतर यवतमाळहून माणूस येईपर्यंत सगळे ताटकळत. पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो, बिघडलेली असते ती नेटवर्कची तार. आणि ते तो स्वतःच सांगतो, विचारणारा पाहिजे.

सर्व्हर लिनक्स प्रणालीवर चालत असेल तर त्यासाठी 'आयपी लिंक' (ip link) एवढी कमांड पुरते. (जुनी मंडळी अजून 'इफकॉन्फिग' मारतात. ती १९८३ च्या बीएसडी युनिक्स या जुन्या प्रणालीपासूनची. नव्या लिनक्समध्ये बहुधा नसतेच.) यादीत पहिला 'एलओ' दिसतो. ही सर्व्हरची स्वतःशीच बोलण्याची सोय, पत्ता १२७.०.०.१. तार उंदरांनी कुरतडली तरी ती चालूच राहते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. तार ज्यात खोचतात ते खरं नेटवर्क कार्ड त्याखाली : 'ईएनपी३एस०' किंवा तसंच काही. ईएन म्हणजे इथरनेट (तारेवरचं नेटवर्क), पुढचे आकडे कार्ड मदरबोर्डवर कुठे बसलंय त्याचे.

आता त्याच ओळीतल्या कंसात नीट बघा. तिथे 'अप' आणि 'लोअर-अप' असे दोन शब्द येतात आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. 'अप' म्हणजे कार्ड सुरू ठेवा असा हुकूम सॉफ्टवेअरने दिलाय, बस्स. तारेच्या पलीकडे खरंच कुणी आहे, हे 'लोअर-अप' सांगतो. तांब्याच्या तारेवर जोडणी जुळण्याआधी कार्ड साधारण दर १६ मिलिसेकंदांनी विजेच्या ठोक्यांचा एक झुबका पाठवतं. पलीकडून तसेच ठोके आले की दोघं मिळून वेग ठरवतात आणि जोडणी उभी राहते. उत्तरच आलं नाही तर 'नो-कॅरियर' उमटतं. म्हणजे 'अप' आहे पण सोबत 'नो-कॅरियर' आहे, तर सेटिंग उकरत बसू नका. उठा आणि तार बघा, पलीकडचा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणारा डबा, चालू आहे का तेही बघा.

कार्डच यादीत नसेल तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) हरवलाय किंवा कार्ड जळालंय. जून महिन्यात, आदल्या रात्री विजा कडाडल्या असतील तर माझा संशय दुसऱ्यावरच.

तार अर्धवट तुटली तर मात्र फसगत होते. गिगाबिट वेगाला, म्हणजे १००० मेगाबिटला, केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात. उरलेल्यांपैकी एखादी तुटली की बरीच कार्डं गुपचूप १०० वर उतरतात. नेट बंद पडत नाही, नुसतं रेंगाळतं. 'ईथटूल' (ethtool) कमांडपुढे कार्डाचं नाव दिलं की 'स्पीड' समोर १००० आहे की १०० ते दिसतं.

एक मर्यादा मात्र आहे : सर्व्हरला दिसतं ते पहिल्या स्विचपर्यंतचंच. त्यापुढची फाटकापर्यंतची तार काट्याच्या संगणकावरून तपासावी लागते. तांब्याच्या इथरनेटची हद्द १०० मीटर, आणि जिनिंगचं आवार त्याहून लांब असणं काही नवलाचं नाही. उघड्यावरून गेलेल्या अशा लांब तारेत जवळ पडलेल्या विजेचा झटका उतरतो आणि दोन्ही टोकांची कार्डं जाऊ शकतात. तिथे फायबर टाकावं. काचेतून वीज वाहत नाही.