बॅगेची चेन आणि 'माहितीये रे मला'

परवा भाचीच्या दप्तराची चेन बिघडली, म्हणजे रनर मस्त खालीवर जायचा पण मागे दात उघडेच राहायचे. ती घेऊन आली आणि म्हणाली, मामा ही चेन लागते कशी? मी म्हटलं सोप्पंय, दात एकमेकांत अडकतात. मग बोटांनी दाबून का नाही अडकत? आणि एकदा अडकले की कितीही आडवं ओढलं तरी सुटत नाहीत, मग रनर खाली आणला की लगेच कसे सुटतात? झालं, मामाची गाडी तिथेच बंद. रोज दहा वेळा चेन लावतो-काढतो मी, आणि ती लागते कशी हे आपल्याला माहिती नाही हेच आजवर माहिती नव्हतं.

गंमत म्हणजे हाच प्रश्न येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काईल या दोघांनी लोकांना विचारला होता, त्यांचं संशोधन 2002 साली छापून आलं. चेन, कुलूप, फ्लश, शिलाई मशीन, हेलिकॉप्टर अशा वस्तू घेतल्या आणि त्या कशा चालतात हे आपल्याला किती कळतं याला 1 ते 7 मधले मार्क द्या म्हटलं. लोकांनी सढळ हाताने दिले. मग म्हटलं, आता पायरी पायरीने लिहून दाखवा, आणि लिहून झाल्यावर परत स्वतःला मार्क द्या. ते धडाधड खाली आले. कुणी काही शिकवलं नव्हतं की चूक दाखवली नव्हती, नुसतं लिहायला बसल्यावरच पोल खुलली.

पण देशांच्या राजधान्या किंवा सिनेमाची स्टोरी विचारली तर अशी फसगत फारशी होत नाही, आणि मला ते पटतं. राजधानीचं नाव आठवतं किंवा नाही आठवत, विषय संपला. 'कसं चालतं' याचं तसं नाही, त्यात एका थराखाली दुसरा थर असतो आणि वरचा दिसला की आपण तळ गाठल्यासारखे खूश. त्यात वस्तू डोळ्यासमोर असते, तिचे भाग दिसतात, आणि समोर दिसतंय ते सगळं डोक्यातच आहे असं वाटत राहतं.

सायकलचं घ्या. लिव्हरपूल विद्यापीठातल्या रिबेका लॉसनने 2006 मधे लोकांना सायकलच्या अर्धवट चित्रात फ्रेम, पेडल आणि चेन काढायला सांगितली (ही सायकलची चेन हां, दप्तराची नाही). काहींनी चेन चक्क पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांभोवती गुंडाळली! आता अशा सायकलचं हँडल वळवून बघा मनातल्या मनात, पुढचं चाक वळणार कसं, चेनने ते मागच्या चाकाला बांधून ठेवलंय ना. लेख पुढे वाचायच्या आधी कागदावर एकदा काढून बघाच, मी काढली होती आणि तो कागद मी कुणाला दाखवणार नाहीये.

बरं हे फक्त यंत्रांपुरतं असतं तरी चाललं असतं. 1987 साली हार्वर्डच्या पदवीदान समारंभात 23 जणांना ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात असं विचारलं, त्यातल्या 21 जणांची उत्तरं चुकली. ऋतूंचं नेहमीचं उत्तर म्हणजे उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते. खरंतर ती सर्वात जवळ येते जानेवारीच्या सुरुवातीला, जेव्हा अख्ख्या उत्तर गोलार्धात थंडी असते. यावर हुशार मंडळी लगेच म्हणतात, माहितीये, पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललाय म्हणून. बरोबर! पण पुढे विचारा, कललाय तर मग काय? बरेच जण म्हणतील की त्यामुळे आपला अर्धा भाग सूर्याच्या जवळ जातो. म्हणजे फिरून पुन्हा तिथेच. अख्ख्या पृथ्वीचा व्यास जेमतेम 12,700 किलोमीटर आणि सूर्य 15 कोटी किलोमीटरवर, त्यात थोडं कलून असा काय फरक पडणार? खरी गोष्ट अशी की सूर्याकडे कललेल्या अर्ध्या भागावर ऊन जास्त सरळ पडतं, तेवढंच ऊन कमी जागेत एकवटतं आणि दिवसही मोठा होतो. मला तर वाटतं चुकीच्या उत्तरापेक्षा असं पाठ केलेलं बरोबर उत्तर जास्त घातक, कारण पुढे कुणी काही विचारतच नाही.

अभ्यासातही हाच घोळ. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी 2008 मधे विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले 40 शब्द अर्थासकट शिकवले. एकदा आलेला शब्द काही जण पुढेही परत परत आठवून बघत होते, काही जण तो नुसता परत परत वाचत होते. आठवड्यानंतर आपल्याला किती येतील असं विचारलं तर दोघांचाही अंदाज निम्म्याच्या आसपास. प्रत्यक्षात आठवून बघणाऱ्यांना साधारण 80 टक्के आले, वाचणाऱ्यांना 35 च्या आसपास. सारखं वाचलं की पान ओळखीचं होतं आणि ती ओळखच आपण 'येतंय' म्हणून धरून बसतो.

असो, दप्तराकडे येऊ. रनरच्या आत वाय आकाराची वाट असते, दोन वाटा येऊन एक होते, आणि त्या दोन वाटांच्या मधे एक पाचर. प्रत्येक दाताला एका बाजूने छोटा उंचवटा आणि दुसऱ्या बाजूने खळगा, शिवाय समोरासमोरचे दात अर्ध्या पावलाने पुढेमागे. रनर वर जाताना दात बसवलेली कापडी पट्टी वाकते, वाकली की दातांमधली फट पंख्यासारखी उघडते आणि समोरचा दात आत शिरतो, मग पट्टी सरळ झाली की फट मिटते, उंचवटा खळग्यात बसतो. सरळ असताना आडवं ओढा, बाहेर पडायला जागाच नाही. उलटं येताना तीच पाचर मधे घुसून पट्टी परत वाकवते आणि एकेक दात सोडवते. बोटांनी दाबून चेन का लागत नाही हेही आलं त्यातच, कारण बोटांनी दाबताना पट्टी सरळच असते.

मग लक्षात आलं की रनर वापरून वापरून फाकलाय, दोन पत्र्यांमधलं अंतर वाढलंय, म्हणून तो दातांना एकमेकांवर नीट दाबतच नाहीये. पक्कड घेतली, दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला, चेन लागली. भाची पळत आजीकडे गेली, आजी सांगते थांब चेन कशी लागते, यात ना एक वाट असते आणि मधे ना पाचर असते आणि मग ते दात ना... आणि थांबली. जरा वेळाने बघतो तर दप्तर उलटं करून रनरच्या भोकाला डोळा लावून बसलीये.