मेणवलीच्या घंटेतला कोमल गंधार

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तिथल्या देवळांपाशी एका लहानशा दगडी मंडपात मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहिलं की तिच्या अंगावर उठावातलं चित्र दिसतं: बाळ येशूला घेतलेली मरियामाता. सोबत साल, १७०७.

ही घंटा मूळची चर्चची. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठे देशावर घेऊन आले. एक भीमाशंकरला आहे. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. गोदेला पूर आला की पाणी या घंटेपासून किती खाली आहे, हे नाशिककर अजून बघतात. वसई पडली तेव्हा नानांचा जन्मही झाला नव्हता. वसईच्या किल्ल्यातल्या चर्चच्या आज भिंती उरल्यात, छपरं गेलीत. पण तिथला एक आवाज मात्र तसाच्या तसा आपल्याला ऐकता येतो, आणि मला याचं फार अप्रूप वाटतं.

तो टिकला कसा? घंटेचा धातू म्हणजे आपलं कासंच. तांबं साधारण ७८ टक्के, कथील २२ टक्के. पाय घासायच्या काशाच्या वाटीला चमचा लागला की जो नाद उठतो, तो याच मिश्रणाचा गुण. नुसतं तांबं मऊ असतं, त्यात ठोक्याची ऊर्जा आतल्या आत जिरते. कथिलानं धातू कडक होतो आणि कंपनं बराच वेळ टिकतात. कथील फार झालं तर मात्र घंटा ठिसूळ होते, तडकते.

त्या काळी युरोपातले ओतारी आधी विटामातीचा गाभा रचत. त्यावर मातीचीच खोटी घंटा, अगदी खऱ्या घंटेच्या जाडीची. तिच्यावर मेणाची अक्षरं, आकडे, चित्रं चिकटवायची आणि वरून बारीक मातीचे थर लिंपत बाहेरचा साचा करायचा. आत जाळ घातला की मेण वितळून जाई, साच्यात त्याचा ठसा राही. मग साचा उचलून खोटी घंटा फोडायची, साचा पुन्हा बसवायचा आणि पोकळीत कासं ओतायचं. घंटेवरचं चित्र आधी कुणाच्या तरी बोटांखाली मऊ मेणात असे.

खरी गंमत आवाजात आहे. तंबोऱ्याच्या तारेतले उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उठणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे चढत जातात. घंटेचं तसं नसतं. तिची कड जाड, व्यासाच्या साधारण तेराव्या हिश्श्याएवढी, आणि कंबर पातळ. अशा आकारातून एकाच ठोक्याला अनेक स्वर निघतात. चांगल्या जुळलेल्या युरोपीय घंटेत मधला षड्ज असतो, त्याच्या खाली खर्जातला सा, वर पंचम आणि तार षड्ज. आणि या सगळ्यांत कोमल गंधार. शुद्ध नाही, त्याहून थोडा उतरलेला, कोमलच. चर्चच्या घंटेचा आवाज कानाला गंभीर, थोडा उदास लागतो, त्यात या गंधाराचा मोठा वाटा आहे. गावोगावच्या साध्या चर्चच्या घंटा इतक्या सुरात नसत. एखादा स्वर थोडा चढा, एखादा उतरलेला. त्यामुळेच प्रत्येक घंटेचा गळा वेगळा.

ठोका पडताक्षणी आपण जो सूर ओळखतो, तो तर बऱ्याच अंशी आपल्या कानानेच घडवलेला असतो. तार षड्ज आणि त्याच्याही वरचे दोन, असे तीन स्वर २ : ३ : ४ या प्रमाणाच्या जवळपास असतात. मेंदू त्यांचा हिशेब लावतो आणि त्यांना शोभेल असा खालचा सूर आपल्याला 'ऐकवतो'.

शिवाय कोणतीच घंटा सगळीकडून अगदी सारखी गोल नसते. जाडीतला किंचित फरक, अंगावरचं उठावाचं चित्र, यांनी एकाच स्वराचे दोन अगदी जवळचे स्वर होतात. ते एकमेकांत मिसळले की आवाज लाटेसारखा वरखाली होतो. म्हणजे मरियामातेच्या त्या चित्राचाही या नादात अगदी बारीकसा हात असू शकतो.

स्वर ठरतात ते आकार, जाडी आणि धातू यांवरून. घंटा तडकली नाही, आतल्या लोलकाच्या माराने झिजली नाही, तर ते बदलायला काही कारणच नाही. चर्चमध्ये वाजते की घाटावर, याने त्यात फरक पडत नाही.

मोठ्या घंटेपाशी गेलात तर ठोका दिल्यावर लगेच निघू नका. वरचे स्वर आधी विरतात, मग गंधार जातो. शेवटी खर्ज तेवढा उरतो. तेव्हा कडेजवळ कान न्या. ऐकू यायचं जवळजवळ थांबलं की बोटाचं टोक अलगद टेकवा. धातू अजून थरथरत असतो.