दोन शिरस्त्राणं: शिंगांचं कुणाचं आणि व्हायकिंगांचं कुठलं?

व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातले जुन्या काळचे दर्यावर्दी लढवय्ये, म्हटलं की शिंगांचं शिरस्त्राण आलंच. पुरावा म्हणून कांशाच्या एका देखण्या जोडीचा फोटोही हमखास दाखवला जातो. जोडी अस्सल आहे, पण व्हायकिंगांची नाही.

ही वेक्सोची शिरस्त्राणं. 1942 मध्ये डेन्मार्कमधल्या वेक्सो गावाजवळच्या दलदलीत पीट (कुजलेल्या वनस्पतींची, जळणासाठी वापरतात ती माती) खणताना ती सापडली. नागमोडी वळलेली लांब शिंगं, समोर दोन टपोरे डोळे आणि मधोमध चोचीसारखं वळलेलं टोक. धातूचा पत्रा इतका पातळ, की तलवारीच्या घावापुढे त्याचा काय निभाव लागणार! विधीत मिरवायची आणि शेवटी दलदलीला अर्पण करायची ही वस्तू. शिंगावर चिकटलेल्या बर्च झाडाच्या डिंकाचं कार्बन-कालमापन झालं आणि काळ निघाला इसवी सनापूर्वी 900 च्या आसपासचा. म्हणजे कांस्ययुग. व्हायकिंग युग 793 च्या, इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न मठावरच्या हल्ल्यापासून मोजतात, तेव्हा मधलं अंतर जवळपास सतराशे वर्षांचं.

आता दुसरं. 1943 मध्ये नॉर्वेतल्या येर्मुंडबू इथल्या एका कबरीत लोखंडाचे तुकडे मिळाले. (दोन्ही देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होते, अशा दिवसांत सलग दोन वर्षांत हे दोन शोध लागावेत, याची मला गंमत वाटते.) तुकडे जुळवल्यावर दहाव्या शतकातलं शिरस्त्राण उभं राहिलं: पत्रे जोडून केलेली गोल टोपी, वर छोटंसं टोक आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी चौकट. सोबत कड्यांचं चिलखतही होतं. शिंगं नाहीत, आणि ती बसवायची जागाही नाही. दिसायला अगदीच साधं, पण लढाईत डोकं वाचवायला हेच कामाचं. व्हायकिंगांची अशी शिरस्त्राणं फारच थोडी हाती लागली आहेत, त्यामुळे एवढ्या तुकड्यांनाही मोठं मोल आहे. वेक्सोची जोडी कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तर हे ओस्लोत.

मग गल्लत वेक्सोमुळे झाली का? नाही, कारण ती जोडी जमिनीखाली होती तेव्हाच शिंगवाला व्हायकिंग लोकांच्या डोक्यात बसला होता. चित्रकारांनी शिंगं आधीही तुरळक काढली होती, पण पक्की झाली ती 1876 मध्ये. त्या वर्षी जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरची 'रिंग' ही चार भागांची संगीतिका पहिल्यांदा सलग सादर झाली. कथानकात उत्तरेकडचे देव आणि वीर. वेशभूषाकार कार्ल एमिल डोप्लरने काही पात्रांच्या शिरस्त्राणांना शिंगं लावली, काहींना पंख. रंगमंचावर ते उठूनही दिसलं असणार. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला रानटी योद्धा ओळखू यायला दुसरं काय हवं? पुढे जाहिराती, व्यंगचित्रं, अमेरिकेतल्या मिनेसोटा व्हायकिंग्ज फुटबॉल संघाची हेल्मेटं, सगळीकडे तीच शिंगं. वेक्सोची जोडी सापडल्यावर तिला व्हायकिंग हे आयतं नाव चिकटलं, इतकंच.

शिंगांची बाजू घेणाऱ्याच्या हाती एकच बऱ्यापैकी मुद्दा आहे. नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या जहाजात 834 मध्ये दोन स्त्रियांना पुरलं होतं. तिथे मिळालेल्या विणलेल्या पट्टीच्या तुकड्यांवर घोडे, गाड्या आणि माणसांची मिरवणूक दिसते, आणि त्यात एक आकृती शिंगांचं शिरोभूषण घातलेली आहे. म्हणजे विधीत किंवा सोंगात कुणी शिंगं चढवत असेल. लढाईत मात्र नाही.