रीच रजिस्ट्रेशन आणि पाण्यातली विद्राव्यता: फाइल नेमकी कुठे अडकते

लोटे, महाड, तारापूर, डोंबिवली इकडच्या छोट्या केमिकल युनिटवाल्यांना हा विषय साधारण एकाच पद्धतीने कळतो. जर्मनीच्या नाहीतर इटलीच्या गिऱ्हाइकाचा मेल येतो की रीच नंबर द्या नाहीतर पुढची ऑर्डर नाही, आणि मग धावपळ सुरू. कन्सल्टंट कोटेशन पाठवतो, त्यात टेस्टची लांबलचक यादी, आणि त्या यादीत मधेच कुठेतरी एक बिनमहत्त्वाची दिसणारी ओळ, वॉटर सोल्युबिलिटी. सगळ्यांना वाटतं यात काय एवढं, चिमूटभर पावडर पाण्यात टाकायची आणि विरघळते का बघायचं. याच ओळीवर पैसे वाया जाताना आणि फायली परत येताना इतक्यांदा बघितलंय की एकदा सगळं नीट लिहून टाकतो.

रीच म्हणजे युरोपियन युनियनचा केमिकलचा कायदा, १ जून २००७ पासून लागू, कारभार बघते हेलसिंकीची ईसीएचए (ECHA, युरोपियन केमिकल्स एजन्सी). वर्षाला एक टन किंवा जास्त पदार्थ युरोपात जात असेल तर रजिस्ट्रेशन लागतं, आणि पाण्यातली विद्राव्यता ही सगळ्यात खालच्या म्हणजे १ ते १० टनाच्या पट्ट्यापासूनच मागितली जाते. म्हणजे माल कमी जातो म्हणून यातून सुटका नाही.

आता पात्रता. भारतातली कंपनी स्वतःच्या नावाने रजिस्ट्रेशन करूच शकत नाही. एकतर तुमचा तिकडचा इम्पोर्टर करतो, नाहीतर तुम्ही युरोपात एक ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह नेमता, सगळे त्याला ओआर म्हणतात. ओआर नेमायचा हक्क उत्पादकाला आहे, मिश्रण बनवणाऱ्याला किंवा वस्तू बनवणाऱ्यालाही आहे, पण नुसत्या ट्रेडरला नाही. मुंबईत बसून दुसऱ्याचा माल आपल्या लेबलने पाठवणारे मर्चंट एक्स्पोर्टर इथेच आपटतात, त्यांनी ज्याच्या कारखान्यात माल बनतो त्याच्या नावाने ओआर नेमून घ्यायला हवा, आणि तो कारखानदार म्हणतो मी का करू. हे भांडण आधी मिटवा, लॅबचं नंतर बघा. आणि ओआरच्या करारात हे स्पष्ट लिहून घ्या की डोसिअर, म्हणजे रजिस्ट्रेशनची फाइल, आणि डेटा तुमचा आहे आणि तुम्ही ओआर बदलला तर जुना ओआर सही करून रजिस्ट्रेशन सोडेल. हे लिहिलेलं नसलं की पुढे अडवणूक होते, काही जण त्यावरच धंदा करतात.

एक टन मोजायचा कसा यावरही लोक चुकतात. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च नाही. सीएकडून आलेला एक्स्पोर्टचा आकडा तसाच उचलून देऊ नका, शिपिंग बिलं काढून पुन्हा बेरीज करा. दुसरं म्हणजे मोजायचा तो पदार्थ, ड्रम नाही. ४० टक्क्यांचं पाण्यातलं सोल्युशन दोन टन गेलं तर पदार्थ ८०० किलोच गेला. आणि समजा एका गिऱ्हाइकाला ७०० किलो, दुसऱ्याला ६०० किलो जातंय, आणि ते दोघं तोच पदार्थ आणखी कुठून आणत नाहीत, तर ओआर नसताना दोघंही एक टनाच्या खाली आहेत, पण ओआर नेमून दोघांना त्याच्याखाली घेतलंत की बेरीज १.३ टन. ओआर आधी नेमून मग हिशोब करणारे बरेच आहेत! जुन्या पदार्थांसाठीची शेवटची मुदत ३१ मे २०१८ ला संपली, त्यानंतर थांबा, पुढच्या मुदतीत करू असं काही उरलेलं नाही, टन ओलांडायच्या आधी नंबर हातात पाहिजे.

यानंतरची पायरी लोक गाळतात आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. टेस्ट लावायच्या आधी ओआरने ईसीएचएकडे इन्क्वायरी टाकायची असते, म्हणजे हा पदार्थ आधी कोणी रजिस्टर केलाय का ही चौकशी. केलेला असेल तर कायद्याने एका पदार्थाचं एकच सामायिक सबमिशन असतं, तुम्ही त्यात मेंबर म्हणून शिरता आणि आधीच्यांचा डेटा वापरायचे पैसे देता, त्या कागदाला लेटर ऑफ अॅक्सेस म्हणतात. त्यात विद्राव्यतेचा आकडा आलाच. म्हणजे तुम्ही इकडे लॅबला पैसे देऊन केलेली टेस्ट फायलीत ठेवून द्यायची. वेगळा डेटा द्यायची सोय आहे, पण त्याला कारणं लागतात आणि सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे जातं. ईसीएचएकडे सबमिट होऊन १२ वर्षं झालेले स्टडी समरी, म्हणजे टेस्टचे सारांश, दुसऱ्या रजिस्ट्रंटला फुकट वापरता येतात, तेही या इन्क्वायरीतूनच कळतं. मेंबर असलात तरी पदार्थाची ओळख पटवणारा डेटा, म्हणजे स्पेक्ट्रा, एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजायची चाचणी) वगैरे, तुमच्याच मालाचा लागतो, तो उसना मिळत नाही.

इंटरमिजिएट बनवणाऱ्यांनी हा पॅरा जरा दोनदा वाचा. तुमचा माल तिकडे जाऊन दुसरा पदार्थ बनवण्यात पूर्ण वापरला जातो आणि तो कडक नियंत्रणाखाली हाताळला जातो, असं असेल तर वर्षाला १००० टनांच्या आत नवीन टेस्ट करावीच लागत नाही, हाताशी आहे तेवढी माहिती चालते. पण त्यासाठी गिऱ्हाइकाने लेखी कन्फर्म करावं लागतं की कडक नियंत्रण पाळतोय, आणि हा कागद कोणाकडेच नसतो. पर्चेसवाला म्हणतो सेफ्टीला विचारा, सेफ्टीवाला म्हणतो लीगलला. तरी मागे लागा, कारण एका पत्रामुळे अख्खी टेस्टची यादी वाचते.

हे सगळं होऊन टेस्ट करायचीच ठरली तर आता सॅम्पल. ज्या पदार्थाचं रजिस्ट्रेशन करताय तोच पदार्थ लॅबला गेला पाहिजे, आणि सोबत त्याच बॅचचं सर्टिफिकेट ऑफ अॅनालिसिस, ज्यात शुद्धता, ओलावा आणि मुख्य अशुद्धी आकड्यात असतील. डायवाले हमखास इथे फसतात. बाजारात जाणारा डाय ग्लॉबर सॉल्ट नाहीतर डेक्स्ट्रिन घालून स्टँडर्डाइज केलेला असतो, आणि तोच डबा लॅबला पाठवला की मिश्रणाची टेस्ट होते, पदार्थाची नाही, मीठ तर विरघळणारच. मीठ घालायच्या आधीचा माल सुकवून पाठवा. 'एचपीएलसी प्युरिटी ९८ टक्के' एवढंच लिहिलेलं सर्टिफिकेटही चालवून घेऊ नका, एचपीएलसीला मीठ आणि पाणी दिसत नाही.

पद्धत म्हणजे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची १०५ नंबरची टेस्ट गाइडलाइन. ही गाइडलाइन मुळात शुद्ध, पाण्यात टिकणाऱ्या आणि न उडणाऱ्या पदार्थांसाठी आहे हे लक्षात ठेवा, ज्यांचा माल यात बसत नाही त्यांनी लॅबशी आधी बोलायचं. लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर विरघळत असेल तर फ्लास्क पद्धत, खाली असेल तर कॉलम पद्धत. फ्लास्कमध्ये प्राथमिक चाचणीत कळलेल्या अंदाजाच्या साधारण पाचपट माल तीन भांड्यांत घेतात, ३० अंशावर हलवत ठेवतात, एक भांडं एका दिवसाने, दुसरं दोन दिवसांनी, तिसरं तीन दिवसांनी काढून प्रत्येक वेळी २४ तास २० अंशावर आणतात, मग सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ पाणी मोजतात. शेवटच्या दोन भांड्यांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. आकडे एक-दोन-तीन असे चढत चालले असतील तर अजून समतोल आलेला नाही, पुन्हा जास्त वेळ ठेवून करायचं. कॉलम पद्धतीत माल बारीक काचेच्या मण्यांवर किंवा वाळूसारख्या आधारावर चढवून त्यातून हळूहळू पाणी सोडतात, आणि प्रवाह निम्मा करून पुन्हा बघतात की आकडा तोच येतो का.

रिपोर्ट हातात आला की शेवटच्या पानावरचा आकडा बघून खूश होऊ नका. २० अंश, अर्ध्या अंशाच्या फरकात, पाळलं का? सेंट्रिफ्यूज सुद्धा त्याच तापमानाला हवा, मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत फिरवलेला नमुना काय २० अंशाचा राहणार. फिल्टर वापरला असेल तर फिल्टरला माल चिकटतो का हे तपासलंय का? आणि पीएच, हा तर हमखास गायब असतो. आम्ल किंवा अल्कली स्वभावाचा पदार्थ असेल तर पीएच न लिहिलेल्या आकड्याला अर्थच नाही, कारण तोच पदार्थ पीएच ४ ला तळाशी बसतो आणि ९ ला गायब होतो. साबणासारखे सर्फॅक्टंट असतील तर अजून वेगळी गंमत, पाणी स्वच्छ दिसतं पण आत मायसेल, म्हणजे रेणूंचे बारीक पुंजके असतात, तिथे क्रिटिकल मायसेल कॉन्सन्ट्रेशनचाही, म्हणजे हे पुंजके बनायला लागतात त्या मात्रेचाही विचार लागतो.

आता सगळ्यात मोठा अडथळा, 'इनसोल्युबल' हा शब्द. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक एसडीएसमध्ये, म्हणजे मालासोबतच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये, तो असतो, आणि लोक तोच उचलून डोसिअरमध्ये टाकतात. नियम सांगतो की पदार्थ अविद्राव्य वाटत असेल तर मोजायच्या पद्धतीच्या डिटेक्शन लिमिटपर्यंत, म्हणजे कमीत कमी जेवढं ओळखता येतं तिथपर्यंत, लिमिट टेस्ट करा, म्हणजे उत्तर '०.०५ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी' अशासारखं, आकड्यात यायला हवं. फार्माकोपियातले, म्हणजे औषधांच्या मानकांच्या ग्रंथातले शब्दही इथे चालत नाहीत, 'स्लाइटली सोल्युबल' म्हणजे एक भाग पदार्थाला १०० ते १००० भाग पाणी, एवढी दहापट मोकळीक इथे कोणी देत नाही.

आणि उगाच कमी आकडा दाखवायच्या फंदात पडू नका. काही जणांना वाटतं विरघळत नाही म्हटलं की मासे आणि पाणकिड्यांवरच्या टेस्टमधून सुटलो. थोडं खरं आहे, अगदीच अविद्राव्य असेल तर अल्पकालीन जलचर टेस्ट टाळता येते, पण त्याच नियमात पुढे लिहिलंय की कमी विद्राव्य पदार्थाला दीर्घकालीन टेस्टचा विचार करा, आणि ईसीएचएच्या मार्गदर्शनात कमी विद्राव्य म्हणजे साधारण लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली. डॅफ्निया नावाच्या पाणपिसवांवरची ४८ तासांची टेस्ट जाऊन २१ दिवसांची टेस्ट गळ्यात पडते आणि तिचा खर्च किती ते लॅबला विचारून बघा. म्हणून आकडा १ च्या आसपास येत असेल तर तो नीटच मोजून घ्या.

टेस्टमधून सूट मिळते, पण कागदावर. पाण्यात पदार्थ फुटत असेल, म्हणजे पीएच ४, ७ आणि ९ तिन्हींना हाफलाइफ (निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ) १२ तासांच्या आत असेल, किंवा पाण्यात पटकन ऑक्सिडाइज होत असेल तर विद्राव्यता मोजायची गरज नाही. अॅसिड क्लोराइड बनवणारे लगेच लिहितात 'रिअॅक्ट्स विथ वॉटर' आणि मोकळे. तसं चालत नाही, पुरावा लागतो. आणि गंमत अशी की हायड्रॉलिसिसची, म्हणजे पाण्यात फुटण्याची टेस्ट ही १० टनांच्या पुढे मागितली जाते, त्यामुळे १ ते १० टनवाल्याकडे तो रिपोर्ट नसतोच! ज्या कागदाची सक्ती नाही तोच कागद सूट घ्यायला लागतो, हे ज्यांनी लिहिलं त्यांना एकदा लोट्याला आणून बसवायला पाहिजे. त्यातल्या त्यात सोपा मार्ग म्हणजे हायड्रॉलिसिसच्या ओईसीडी १११ ची फक्त प्राथमिक पायरी करून बघणं नाहीतर छापील शास्त्रीय लेखांत नेमका तोच पदार्थ शोधणं.

जीएलपीबद्दल (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस, लॅबच्या कामाची ठरलेली शिस्त) थोडक्यात. रीचमध्ये जीएलपीची सक्ती विषारीपणाच्या आणि पर्यावरण-विषारीपणाच्या टेस्टना आहे, विद्राव्यतेसारख्या भौतिक गुणधर्मांना नाही. जीएलपी नाही म्हणून रिपोर्ट बाद असं कोणी सांगत असेल तर नियम दाखवायला सांगा. तरी परवडत असेल तर जीएलपीत करून घ्या असं मी सांगतो, कारण भारत २०११ पासून ओईसीडीच्या म्युच्युअल अॅक्सेप्टन्स ऑफ डेटामध्ये (एका देशातला टेस्ट डेटा दुसऱ्यांनी मान्य करायची व्यवस्था) पूर्ण सदस्य आहे आणि उद्या तोच रिपोर्ट दुसऱ्या देशात लागला तर वाद नको. लॅबचं सर्टिफिकेट बघताना त्यात भौतिक-रासायनिक टेस्ट येतात का तेही वाचा, फक्त लोगो बघू नका.

ईसीएचएच्या साइटवर दुसऱ्याचा आकडा फुकट दिसतो, तो कॉपी करून टाकू नका. दिसतोय म्हणजे वापरायचा हक्क आहे असं नाही, मूळ रिपोर्ट तुमच्याकडे कायदेशीररीत्या असायला हवा किंवा मालकाची परवानगी हवी. लॅबशी करार करतानाही रिपोर्ट कोणाच्या नावाने आहे बघा, कन्सल्टंटच्या नावाने असेल तर तो त्याचा.

सबमिशन ओआर करतो, आयूक्लिड या सॉफ्टवेअरमध्ये डोसिअर बनवून रीच-आयटी या पोर्टलवर चढवतो, फी भरतो. फीत लहान कंपन्यांना सवलत आहे आणि ओआर असेल तर आकार तुमच्या कंपनीचा बघतात, ओआरचा नाही. पण उद्यम सर्टिफिकेट दाखवून काम होत नाही, त्यांची व्याख्या वेगळी आहे. त्यात माणसं मोजतात, मायक्रोला १० च्या खाली, स्मॉलला ५० च्या खाली, मीडियमला २५० च्या खाली, शिवाय उलाढाल किंवा ताळेबंद युरोमध्ये, आणि भावाच्या नावाने असलेली कंपनी जोडलेली धरली जात असेल तर तिचीही माणसं त्यात येतात. चुकीचा आकार सांगितला तर फरक भरावा लागतोच, वर दंडासारखा चार्ज. ताळेबंद, पगारपत्रक, शेअरहोल्डिंग हे इंग्रजीत आधीच तयार ठेवा.

मग पूर्णता तपासणी, साधारण तीन आठवडे. काही कमी निघालं तर मुदत देऊन एकदा दुरुस्तीची संधी मिळते, ती हुकली की अर्ज बाद आणि फी परत नाही. ती नोटीस ओआरच्या रीच-आयटी खात्यात येते, तुमच्या जीमेलवर नाही, त्यामुळे सबमिशननंतरचे ते आठवडे ओआरला सारखं विचारत राहा.

नंबर आला की एसडीएसच्या नवव्या सेक्शनमधला 'इनसोल्युबल' खोडून तिथे मोजलेला आकडा, तापमान आणि पीएच टाका. आणि ब्रिटनच्या गिऱ्हाइकाला हा नंबर देऊ नका, तिथे यूके रीच वेगळं आहे, तुर्कीचा केकेडीआयके हा कायदा आणखी वेगळा.