स्कॉटलंडचे डोंगर सायकलला कसे मोकळे झाले: नॅचरल राइडची पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये ट्रेल सेंटरबाहेरची (म्हणजे सायकलसाठी मुद्दाम बांधलेल्या वाटांबाहेरची), तिथले रायडर जिला 'नॅचरल' म्हणतात तशी राइड आखायला बसलं की दोन प्रश्न येतात. वाट कुठे आहे, आणि तिच्यावर सायकल नेऊ देतात का? वाटा अडीच-तीनशे वर्षांत जमत गेल्या. सायकलचा प्रश्न 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने सोडवला, आणि आज राइडआधी जे जे तपासावं लागतं त्यातलं बरंचसं त्या कायद्यातून आलेलं आहे. त्यामुळे या टिपणात झुकतं माप त्यालाच मिळणार.

वाटांचं थोडक्यात. सगळ्यात जुन्या गुरं हाकण्याच्या. डोंगरातली काळी गुरं शरद ऋतूत खिंडी ओलांडून आधी क्रीफच्या आणि पुढे फॉलकर्कच्या बाजाराला जात. 1715 च्या बंडानंतर लष्कराला तोफा आणि रसद घेऊन डोंगरात शिरायचं होतं, म्हणून 1725 पासून रस्ते बांधायला सुरुवात झाली. 1731 चा कोरियॅरिक खिंडीचा रस्ता त्यातलाच. जवळपास 770 मीटर उंचीवरून जाणारा, दक्षिणेकडून दगडी वळणांनी चढणारा. ग्लेन्कोजवळचा डेव्हिल्स स्टेअरकेसही मुळात लष्करी रस्ता. आज दोन्हीकडे मोटारी नाहीत, सायकली मात्र भरपूर.

रायडरांची खरी चैन तिसऱ्या प्रकारच्या वाटांवर होते, आणि त्या चक्क शिकाऱ्यांनी घालून दिल्या आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाने 1852 मध्ये बॅल्मोरल इस्टेट घेतली आणि हायलँड्समध्ये इस्टेट असणं, तिथे हरणं मारणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. मारलेलं हरीण तट्टाच्या पाठीवर घालून खाली आणायचं, तर चढ बेताचा हवा आणि वाट पावसात टिकायला हवी. त्यासाठी मजुरांनी हाताने खोदून दीड-दोन हात रुंदीच्या नागमोडी वाटा काढल्या. डोंगराच्या अंगाला चर, आणि ठरावीक अंतरावर वाट छेदून जाणारी दगडी मोरी. टोरिडनच्या वालुकाश्मावर या वाटा आजही शाबूत आहेत. पुढचं चाक मोरीवर उचलायचं विसरलात तर रिमवर दाबून ट्यूब फुटते, ती बहुधा अशाच एखाद्या मोरीवर. लोकांना दूर ठेवणाऱ्या इस्टेटींनीच ब्रिटनमधले उत्तम सिंगलट्रॅक (एका वेळी एकच सायकल मावेल अशा अरुंद वाटा) बांधून ठेवले, ही गंमत त्या मालकांना फारशी रुचली नसती.

दूर ठेवण्याची भाषा अतिशयोक्त वाटेल, पण भांडणं खरीच झाली. 1847 मध्ये ग्लेन टिल्टमध्ये वनस्पतिशास्त्राचा एक प्राध्यापक विद्यार्थ्यांसह उतरत होता. तिथल्या ड्यूकने आपल्या माणसांसह त्याला अडवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. पुढे ग्लेन डोलहून ब्रेमारला जाणाऱ्या जॉक्स रोडवरून खटला झाला. 1888 मध्ये लॉर्ड्स सभागृहाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. तो जिंकला गेला तो मेंढ्या हाकणाऱ्यांच्या साक्षींवर: आम्ही इथून कळप नेत होतो, आमचे बापही नेत होते. हा वहिवाटीचा हक्क, आणि आजच्या नियमानुसार वीस वर्षांच्या वापराने तो सिद्ध होतो. मात्र तो एका सार्वजनिक ठिकाणाहून दुसऱ्या सार्वजनिक ठिकाणी जाणाऱ्या रेषेपुरताच. शिखरावर जाऊन परत येणारी वाट त्यात बसत नाही. डोंगर सर्वांना खुले करण्याचं पहिलं विधेयक 1884 मध्येच आलं होतं. ते बारगळलं, आणि नंतरचेही प्रयत्न तसेच गेले.

मधल्या शतकात डोंगरात जाणं चालूच होतं, एका समजुतीवर. माणूस सभ्यपणे वागला तर कुणी हटकायचं नाही. ही समजूत पायी चालणाऱ्यांच्या काळातली. 1980 च्या दशकात जाड टायरच्या सायकली आल्यावर ती ताणली जाऊ लागली.

1999 मध्ये एडिंबरात स्वतंत्र संसद आली आणि जमिनीचा विषय तिच्या अगदी सुरुवातीच्या कामांत घेतला गेला. इथे गाडी अडली. 2001 मध्ये आलेल्या मसुद्यात मालकांना प्रवेश तात्पुरता स्थगित करण्याची मुभा होती. त्याच वर्षी लाळ-खुरकुताची साथ आली, महिनोन्‌महिने डोंगर बंद राहिले, आणि 'तात्पुरता बंद' म्हणजे काय होतं ते लोकांनी अनुभवलं. हरकतींचा पाऊस पडला, आणि स्थगितीचं कलम अंतिम विधेयकात राहिलं नाही. व्यावसायिक वापराचा मुद्दाही सुटला. जे काम पैशांशिवायही करता येतं, ते पैसे घेऊन केलं तरी हक्कात बसतं, असं ठरलं. माउंटन बाइक गाइडांचा आजचा धंदा या ओळीवर उभा आहे.

कायदा जानेवारी 2003 मध्ये मंजूर झाला. त्यासोबतची आचारसंहिता 2004 मध्ये संसदेने मान्य केली, आणि हक्क 9 फेब्रुवारी 2005 पासून लागू झाले. कायद्यात चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार असा भेद नाही. बंदी आहे ती इंजिनावर. इंग्लंडमध्ये 1968 च्या कायद्याने सायकलला ब्रायडलवे, म्हणजे घोडेस्वारांच्या वहिवाटी, मिळाले, आणि 2000 च्या कायद्याने मोकळी जमीन दिली ती फक्त पायी चालणाऱ्यांना. लीड्स-मँचेस्टरकडून वर जाणाऱ्या मराठी मंडळींची गल्लत इथेच होते. इंग्लंडच्या नकाशावर वहिवाट दाखवणारी हिरवी तुटक रेषा ती इथेही शोधत बसतात. स्कॉटलंडच्या ऑर्डनन्स सर्व्हे (सरकारी) नकाशावर वहिवाटी दाखवलेल्याच नसतात. काळी तुटक रेषा 'इथे वाट आहे' एवढंच सांगते. तिच्यावरून जाता येईल का, हे कायदा सांगतो, आणि तो बहुतेक वेळा हो म्हणतो.

मेख आहे ती 'जबाबदारीने' या अटीत. हक्क आहे, पण तो जबाबदारीने वापरला तरच. जबाबदारी म्हणजे काय, तर कायदेशीर आणि वाजवी वर्तन, इतरांच्या हिताची आणि जमिनीच्या गुणधर्मांची दखल घेऊन केलेलं. बस, एवढंच. वाजवी कुणाच्या मते? यावर तेव्हा खूप वाद झाला. मालकवर्गाला भीती होती की याच्या आडून काहीही खपेल. डोंगरवाल्यांना भीती होती की मालक प्रत्येक गोष्ट बेजबाबदार ठरवेल. माझ्या मते ही संदिग्धताच कायद्याचं बळ ठरली. आकड्यांत बांधलेला नियम असता, अमुक रुंदीची वाट आणि अमुक उतार, तर सायकल पहिल्याच वर्षी बाहेर गेली असती.

अट दुधारी आहे हेही नोंदवायला हवं. मालकाचं वागणंही जबाबदारीचं असावं लागतं, आणि फक्त लोकांना रोखण्यासाठी फाटक लावता येत नाही. कोर्टाचे निकाल दोन्हीकडे गेले. 2007 मध्ये पर्थजवळच्या एका किल्लेवजा घराच्या मालकिणीला घराभोवती बरीच मोठी जागा खाजगी म्हणून कुंपणात ठेवायला मुभा मिळाली. 2009 मध्ये फोर्ट्रोजच्या एका रानात घोडेस्वारांना एका वाटेवर मज्जाव करणाऱ्या मालकांच्या बाजूने निकाल लागला. 2018 मध्ये मात्र ट्रॉसॅक्समधल्या एका इस्टेटीला कुलूपबंद फाटकांबद्दल माघार घ्यावी लागली. तिथे रानडुकरांची भीती घालणारे फलकही होते.

प्रत्यक्ष राइड आखताना ही अट कॅलेंडर होऊन येते. आचारसंहिता म्हणते की पक्क्या रुंद वाटांवर सायकलचा फारसा त्रास नाही. अरुंद वाटेवर चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी जाऊ द्या. वाट सोडून चालवत असाल तर, विशेषतः हिवाळ्यात, ओल्या दलदलीत शिरू नका आणि जमीन उखणू नका. याचा व्यवहारातला अर्थ असा की केअर्नगॉर्म डोंगरांतल्या पीटवर (दलदलीच्या काळ्या मातीवर) फेब्रुवारीत काढलेली रेषा कायद्यात बसेलच असं नाही, तीच रेषा कोरड्या मे महिन्यात बसते. पण एप्रिल-मे म्हणजे कोकरांचा काळ, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचाही. 12 ऑगस्टपासून ग्राउस या रानपक्ष्याची शिकार. नर हरणांच्या शिकारीचा जोर ऑगस्टपासून 20 ऑक्टोबरच्या आसपासपर्यंत. 2023 मध्ये नरांसाठीचा बंद मोसम कायद्यातून निघाला, तरी इस्टेटींची जुनी चाल फारशी बदललेली नाही, आणि रविवारी शिकार न करण्याची प्रथाही आहे. म्हणून सप्टेंबरची लांब राइड जाणते लोक रविवारी ठेवतात, किंवा पायथ्याचा फलक वाचून दुसऱ्या खोऱ्यातून जातात. तो फलक विनंती असतो, मनाई नव्हे. पण विनंती वाजवी असेल तर ती धुडकावणं हेच बेजबाबदारपणात मोजलं जातं.

नद्या ओलांडण्याच्या धोक्याबद्दल कायदा काही सांगत नाही, तिथे जुनी आठवण उपयोगी पडते. ग्लेन टिल्टच्या वरच्या टोकाला टार्फ ओढा मिळतो तिथे 1879 मध्ये अठरा वर्षांचा एक मुलगा बुडाला. 1886 मध्ये त्या जागी त्याच्या नावाचा झुलता पूल उभा राहिला. ब्रेमार ते ब्लेअर अथॉल ही राइड आज त्या पुलावरूनच जाते. पूल नसलेल्या ओढ्यांवर पावसानंतर दोन तासांत परतीचा रस्ता बंद होऊ शकतो. डिसेंबर 2015 च्या पुराने डीसाइडमधले (डी नदीच्या खोऱ्यातले) पूल उचलून नेले होते. त्यामुळे आदल्या दिवशीचा पाऊस बघितल्याशिवाय मार्ग पक्का करणं शहाणपणाचं नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या घडामोडींनी बाकीचं चित्र भरून टाकलं आहे. छोट्या जलविद्युत योजनांसाठी आणि शिकारीच्या गाड्यांसाठी जेसीबीने काढलेले रस्ते जुन्या वाटांवरून गेले, आणि जुन्या नकाशावरची सुंदर तुटक रेषा प्रत्यक्षात खडीचा रस्ता निघते. इ-बाइक आल्या. 250 वॅटपर्यंतची मोटर, पेडल मारल्यावरच चालणारी आणि ताशी 25 किमीच्या आसपास मदत थांबवणारी असेल, तर ती सायकलच धरतात. त्यापुढची मोटारसायकल, आणि तिला डोंगरात हक्क नाही. बॅटरीमुळे पूर्वी दोन दिवसांचे मार्ग एका दिवसात होऊ लागले. गर्दी त्याच मोजक्या उतारांवर वाढली.

आणि खोदकाम. कायदा जाण्याचा हक्क देतो, वाट बांधण्याचा देत नाही. इनरलिदनच्या रानात स्थानिकांनी फावड्याने काढलेले उतार वर्षानुवर्षं अनधिकृत होते. अखेर रायडरांच्या संघटनेने सरकारी वनखात्याशी करार करून देखभाल अंगावर घेतली. नोव्हेंबर 2021 च्या वादळात पूर्वेकडच्या रानांत झाडं आडवी झाली, तेव्हा अशा वाटा मोकळ्या करायला आधी कुणी हात घालायचा आणि करवत चालवायची परवानगी कुणाची, हा नवाच प्रश्न उभा राहिला. त्याचं उत्तर 2003 च्या कायद्यात नाही.