येस टू ऑल : मॉड आणि अडखळणाऱ्या गेमची पार्श्वभूमी

'क्रिकेट ०७' हा गेम नोव्हेंबर २००६ मध्ये आला. आयपीएलचा पहिला हंगाम सुरू झाला एप्रिल २००८ मध्ये. तरीही त्या गेममध्ये आयपीएल खेळलेली पोरं आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील. मैदानात मुंबई विरुद्ध चेन्नई, आणि समालोचनाला मात्र रिची बेनॉ आणि मार्क निकोलस. ही सगळी किमया पॅचची, म्हणजे गेमच्या फाइलींच्या जागी टाकायच्या बदललेल्या फाइलींची. गेम काढणाऱ्या ईए स्पोर्ट्सकडे इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे हक्क होते. इतर बऱ्याच संघांचे खेळाडू मोडक्यातोडक्या नावांनी खेळायचे. ती नावं, जर्सी, बॅटवरचे स्टिकर नीट करण्याचं काम हौशी पोरांनी वर्षानुवर्षं फुकट केलं.

पॅच मित्राच्या पेनड्राइव्हवरून यायचा आणि सूचना एकच असायची: सगळं सिलेक्ट कर, गेमच्या फोल्डरमध्ये पेस्ट कर, रिप्लेस करू का विचारलं तर 'येस टू ऑल' दाब. मी एका सुट्टीत असे दोन पॅच एकावर एक दाबले. मेनू नवा आला, स्कोअरकार्ड नवं आलं, नाणेफेकही झाली, आणि पहिला चेंडू पडायच्या आत गेम बंद होऊन समोर डेस्कटॉप. बॅकअप घेतलेला नव्हता, आणि गेमची सीडी मावसभावाकडे सांगलीला. दोष कुणाचाच नाही, माझाच. पण गेममध्ये बदल करायचा म्हणजे मूळ फाइल पुसूनच करावा लागतो, ही समजूत मात्र चुकीची होती, आणि तिचं उत्तर तेव्हाही पंधरा-सोळा वर्षं जुनं होतं.

गेममधल्या अशा हौशी बदलाला मॉड म्हणतात, आणि ही हौस गेमइतकीच जुनी आहे. ॲपल टू संगणकावरच्या १९८१ च्या 'कॅसल वोल्फेनस्टाइन'मधल्या नाझी सैनिकांच्या जागी कार्टूनमधले निळे स्मर्फ बसवून १९८३ मध्ये 'कॅसल स्मर्फेनस्टाइन' तयार झाला. त्यासाठी डिस्कवरचे बाइट हुडकून बदलावे लागले. पुढे १९९२ च्या 'वोल्फेनस्टाइन ३डी'चीही लोकांनी अशीच उलथापालथ केली. नवा नकाशा हवा तर जुन्यावर लिहा, म्हणजे मूळ गेम गेलाच.

'वोल्फेनस्टाइन ३डी' बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरमधल्या प्रोग्रॅमर जॉन कारमॅकनं यावर चिडण्याऐवजी वाटच मोकळी करून दिली. १० डिसेंबर १९९३ ला आलेल्या 'डूम'मध्ये इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम, एका फाइलीत ठेवलं, आणि नकाशे, चित्रं, आवाज 'वॅड' नावाच्या वेगळ्या फाइलीत. ज्याला बदल करायचा त्यानं आपली छोटी वॅड वेगळी बनवायची आणि डॉसमध्ये आज्ञा टाइप करून गेम सुरू करताना पुढे 'डॅश फाइल' टाकून तिचं नाव लिहायचं. इंजिन आधी मूळ वॅड वाचतं, मग तुमची. एकाच नावाच्या दोन गोष्टी सापडल्या तर नंतर वाचलेली खरी. मूळ फाइलीला बोटही लागत नाही. पुढच्या वेळी नाव लिहिलं नाही, की पुन्हा कोरा डूम. कंपनीनं एवढंच मागणं ठेवलं, की मॉड विकत घेतलेल्या डूमवरच चालावेत, फुकट वाटलेल्या नमुन्यावर नाही.

आज 'स्कायरिम' या साहसी गेमचे खेळाडू 'लोड ऑर्डर'वरून, म्हणजे मॉड कोणत्या क्रमानं वाचले जावेत यावरून, जे वाद घालतात, त्याचं मूळ या 'नंतरचा खरा'मध्ये आहे. 'हाफ-लाइफ' या गेमवर १९९९ मध्ये मिन ली आणि जेस क्लिफ यांनी रचलेला 'काउंटर-स्ट्राइक' हा मॉडही याच मोकळ्या दाराचा. तो नंतर हाफ-लाइफ बनवणाऱ्या व्हाल्वनं विकत घेतला आणि मॉडचा स्वतंत्र गेम झाला.

आपल्या सायबर कॅफेत मात्र डूमची शिस्त पोचलीच नाही. आपण शिकलो ते जीटीए मालिकेतल्या 'व्हाइस सिटी' आणि 'सॅन अँड्रियास'वर. त्यांत गाड्यांचे, माणसांचे साचे आणि त्यांवरची चित्रं 'जीटीए३ डॉट आयएमजी' नावाच्या एका भल्यामोठ्या गाठोड्यात बांधलेली. गाडी बदलायची तर गाठोडं सोडायचं, जुनी काढायची, नवी कोंबायची, पुन्हा बांधायचं. एक धागा चुकला की गाडी जिथे दिसायची तिथे गेम कोसळायचा, आणि गाठोड्याची दुसरी प्रत नसायची.

गेम 'अडकतो' या तक्रारीची वंशावळ वेगळी आहे, पण दोन्ही घराणी पुढे एकत्र येतात. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचं व्हूडू हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारं कार्ड, आलं तेव्हा प्रत्येक कार्डाची बोली निराळी होती. व्हूडूची स्वतःची, ग्लाइड नावाची. मायक्रोसॉफ्टनं १९९५ पासून डायरेक्टएक्स आणलं ते या बोलींवर एक सामायिक भाषा बसवायला: गेमनं त्यातल्या डायरेक्ट३डीशी बोलायचं, आणि कार्डाच्या ड्रायव्हरनं ते कार्डाला समजावून सांगायचं. तेव्हापासून गेम आणि कार्ड यांच्यामध्ये कायमचा एक दुभाषी आला. 'ड्रायव्हर अपडेट केलास का?' हा प्रश्न त्या दुभाष्याबद्दलचा आहे.

२००० च्या डायरेक्टएक्स ८ नं कार्डावर छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय केली. तेच शेडर. आणि इथे आपल्याकडच्या असेंबल केलेल्या पीसींची गोची झाली. फेब्रुवारी २००२ मध्ये एनव्हिडियानं जीफोर्स ४ एमएक्स ही स्वस्त मालिका आणली. नावात चार, पण आत पिक्सेल शेडर, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणारा शेडर, नाहीच. त्या आधीच्या जीफोर्स ३ मध्ये तो होता. या नावांच्या घोळावर खुद्द कारमॅकनं उघड टीका केली होती. त्या मालिकेतलं एमएक्स ४४० घेतलेला माणूस नवा गेम टाकायचा, आणि पडद्यावर यायचं की तुमच्या कार्डात पिक्सेल शेडर नाही. ज्यांनी कार्डच घेतलं नव्हतं, त्यांचा भार मदरबोर्डवरच्याच इंटेलच्या जीएमए ९०० आणि ९५० या ग्राफिक्स चिपांवर. त्यांत पिक्सेल शेडर होता, पण ज्या त्रिकोणांनी दृश्य घडतं त्यांचे कोपरे फिरवण्याचं, त्यांवर उजेड पाडण्याचं, म्हणजे टी अँड एलचं काम करणारं हार्डवेअर नव्हतं. ते प्रोसेसरच्या गळ्यात.

मग 'थ्रीडी ॲनालाइझ' नावाचा एक इवलासा प्रोग्रॅम हातोहात फिरला. तो गेमशी चक्क खोटं बोलायचा: आहे, कार्डात टी अँड एल आहे! गेम भाबडेपणानं सुरू व्हायचा, आणि ते काम प्रोसेसर घाम गाळत करायचा. सेकंदाला आठ-दहा चित्रं मिळाली तरी आम्ही त्याला 'चालतो' म्हणायचो.

मधल्या दुभाष्याला फसवण्याची हीच युक्ती पुढे ग्राफिक्स मॉडचा पाया झाली. डायरेक्टएक्स ९ वापरणाऱ्या गेमला 'डी३डी९ डॉट डीएलएल' ही फाइल लागते. खरी फाइल विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये असते, पण विंडोज ती आधी गेमच्या फोल्डरात शोधते. तिथे त्याच नावाची दुसरी फाइल ठेवली, की गेम बिनबोभाट तिच्याशी बोलू लागतो. ही तोतया फाइल प्रत्येक चित्र अडवते, त्यावर सावल्या, ऊन, रंग चढवते आणि मग खऱ्या फाइलीकडे सोपवते. बोरिस व्होरोंत्सोव यांचा ईएनबी हा ग्राफिक्स मॉड २००७ मध्ये सॅन अँड्रियाससाठी याच वाटेनं आला, चित्र सजवणारं रीशेड हे साधनही बऱ्याच अंशी तसंच काम करतं. मॉड टाकल्यावर काळा पडदा आला तर पहिला उपाय म्हणून ती डीएलएल फोल्डरातून बाहेर काढून पाहायला सांगतात, ते यासाठीच. आणि एका फोल्डरात एका नावाची एकच फाइल राहते. दुसऱ्या मॉडलाही तेच नाव हवं असलं, की पुन्हा 'येस टू ऑल'.

या दोन्ही घराण्यांची खरी सोयरीक झाली स्कायरिममध्ये. स्कायरिम बनवणाऱ्या बेथेस्डानं त्याच मालिकेतल्या २००२ च्या 'मोरोविंड'बरोबरच गेम घडवण्याचं साधन खेळाडूंच्या हाती दिलं होतं, त्यामुळे ११ नोव्हेंबर २०११ ला स्कायरिम आला तेव्हा मॉड करणारी फौज तयारच होती. गेम मात्र ३२ बिटचा. विंडोज अशा प्रोग्रॅमला वापरायला २ जीबी मेमरीचे पत्ते देते. एक विशेष खूण असली तर ६४ बिट विंडोजवर ४ जीबी. सुरुवातीला स्कायरिमवर ती खूण नव्हती. लोकांनी आपापल्या परीनं ती लावली, आणि डिसेंबरमध्ये कंपनीनंही अधिकृत पॅचमध्ये दिली. पण भूक ४ जीबीत कुठे भागते?

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दगडी भिंतीचं एक टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेलं चित्र, १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचं, डीएक्सटी५ पद्धतीनं दाबलेलं: एका ठिपक्याला एक बाइट, म्हणजे १ एमबी. मॉडवाल्यानं तेच ४०९६ बाय ४०९६ चं केलं. बाजू चौपट, पण जागा सोळापट: १६ एमबी. लांबून पाहताना लागणाऱ्या त्याच्या लहान प्रती धरल्या तर साधारण २१ एमबी. अशी दोन डझन टेक्स्चर एकदम समोर आली, की ५१२ एमबी मेमरीचं कार्ड भरलं. उरलेलं सामान मग रॅममधून पीसीआय एक्स्प्रेसनं, म्हणजे कार्डाला संगणकाशी जोडणाऱ्या वाटेनं, ओढून आणायचं. त्या काळच्या पीसीआय एक्स्प्रेस २.० चा रस्ता सेकंदाला ८ जीबीचा, तर जीटीएक्स ५६० टीआयसारख्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १२८ जीबी वाहणारी. मान वळवली की गेम क्षणभर गोठतो, तो या अरुंद रस्त्यावर. डायरेक्टएक्स ९ मध्ये टेक्स्चरची एक प्रत बहुधा प्रोग्रॅमच्या मेमरीतही राहायची, त्यामुळे त्याच चित्रांनी ४ जीबीची मर्यादाही गाठली जायची, आणि मग गेम थेट बंद. 'कार्ड भारी आहे, तरी क्रॅश का?' या प्रश्नाचं उत्तर अनेकदा कार्डात नव्हतंच.

अडखळणं मोजायचं कसं, हेही त्याच वर्षी बदललं. तोवर सगळे सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, एवढंच पाहायचे. पण एका सेकंदात साठ फ्रेम आल्या, आणि त्यांतली एक १०० मिलिसेकंद लटकली, तर आकडा छान आणि डोळ्यांना झटका. द टेक रिपोर्ट या संकेतस्थळाच्या स्कॉट वासन यांनी २०११ मध्ये प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मांडायला सुरुवात केली आणि कार्डांच्या परीक्षणाची रीत पालटली. साठ फ्रेमसाठी प्रत्येकीला १६.६ मिलिसेकंद मिळतात. सरासरीपेक्षा सर्वांत रखडलेल्या फ्रेम पाहाव्यात, असं आज सगळेच म्हणतात. स्कायरिममध्ये तर साठच्या वर जाणंही धोक्याचं. त्याची भौतिकी, म्हणजे वस्तू पडण्या-आदळण्याचा हिशेब, फ्रेमच्या गतीला बांधलेली, त्यामुळे वेग वाढला की टेबलावरची भांडी आपोआप उडायला लागतात.

मॉडसाठी पैसे घेण्याचा प्रयोग चारच दिवस टिकला. २३ एप्रिल २०१५ ला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात स्कायरिमचे मॉड विकायला आले, करणाऱ्याच्या वाट्याला २५ टक्के. ओरड इतकी झाली की २७ तारखेला ती विक्री बंद. माझ्या मते राग विकण्यापेक्षा त्या वाट्यावर जास्त असायला हवा होता.

स्कायरिमच्या ऑक्टोबर २०१६ च्या स्पेशल एडिशननं गेम ६४ बिटचा आणि डायरेक्टएक्स ११ चा केला, आणि मेमरीची ती भिंत पडली. नवी कटकट अपडेटची. एसकेएसईसारखी, अनेक मॉड ज्यांवर उभे असतात ती साधनं चालत्या गेमच्या मेमरीतले नेमके पत्ते धरून काम करतात. गेम अपडेट झाला की पत्ते सरकतात. ११ नोव्हेंबर २०२१ च्या मोठ्या अपडेटनंतर अनेक मॉड नव्यानं बांधावे लागले, आणि कित्येकांनी सरळ गेमच मागच्या आवृत्तीवर नेला.

फाइली पुसण्याच्या सवयीवर मॉड ऑर्गनायझर या प्रोग्रॅमनं इलाज केला तो डूमच्याच वळणाचा. प्रत्येक मॉड आपल्या वेगळ्या फोल्डरात राहतो, आणि गेम चालू असेपर्यंत त्याला फक्त भासवलं जातं की सगळं एकाच जागी आहे. गेम बंद केला की मूळ फोल्डर जसाच्या तसा. तोतया डीएलएलही आता नव्या कामाला लागली आहे. डीएक्सव्हीके हा प्रकल्प डायरेक्टएक्सची भाषा व्हल्कन या दुसऱ्या ग्राफिक्स भाषेत बदलून देतो. तो मुळात लिनक्ससाठी, पण डिसेंबर २०१९ पासून त्यात डायरेक्टएक्स ९ ही आलं, आणि विंडोजवरही नव्या कार्डावर अडखळणारे काही जुने गेम लोक त्याच्या डी३डी९ डॉट डीएलएलनं चालवून पाहतात.

माझ्या आत्ताच्या संगणकावर 'क्रिकेट ०७'चे चार फोल्डर आहेत. तिघांत वेगवेगळे पॅच. चौथ्याचं नाव 'कोरा, हात लावू नये'.